लाईटची लाईन नसलेलं घर: सोलर आणि लिथियम बॅटरी, सगळे ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

आधी सेटअप सांगते. ४०० वॉटचे आठ पॅनल, एमपीपीटी चार्जर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) आतच असलेला ५ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, म्हणजे साधारण १० युनिट साठवण. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. लाईटची लाईन नाही, नळाचं कनेक्शन नाही, पाणी बोअरचं. दिवे, पंखे, राउटर, लॅपटॉप याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही, ते सगळं आरामात चालतं.

लिहायचंय ते इन्व्हर्टरबद्दल. पॅनल किती वॉटचे आणि बॅटरी केवढी हे सगळे विचारतात, पण इन्व्हर्टर स्वतः किती खातो हे कुणीच विचारत नाही आणि विकणारा आपणहून सांगत नाही. आमचा इन्व्हर्टर घरात काहीही चालू नसताना पन्नासेक वॉट ओढतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण २४ तास धरले तर १.२ युनिट झाले, आमचा फ्रिज अख्ख्या दिवसात तेवढं घेत नाही! भरपूर ऊन असेल तेव्हा हे जाणवत पण नाही, पण ढगाळ आठवड्यात पॅनल रोजच्या पाव हिश्श्याच्याही खाली येतात तेव्हा हेच युनिट डोळ्यात येतं. मग रात्रीसाठी १००० वॉटचा वेगळा छोटा इन्व्हर्टर लावला, तो रिकामा दहा-बारा वॉटवर राहतो, फ्रिज आणि दिवे त्याच्यावर, मोठा बंद. रात्रीत तीनशेच्या वर वॉट-तास वाचतात (१००० वॉट-तास म्हणजे एक युनिट). घेताना माहितीपत्रकात नो-लोड कन्झम्प्शन, म्हणजे रिकामा असताना किती ओढतो ते, लिहिलेलं शोधा, आणि नसेलच लिहिलेलं तर ते मॉडेल सोडून द्या असं मी स्पष्ट सांगेन.

बॅटरीवर मी खूश आहे. लेड ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर खराब होते, ही ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते आणि पाणी टाकायची भानगड नाही. पण स्क्रीनवरच्या टक्क्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. या बॅटरीचा व्होल्टेज भरलेली असताना आणि बरीच उतरलेली असताना जवळपास सारखाच असतो, त्यामुळे किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी करून टक्के दाखवतात, आणि बरेच दिवस बॅटरी पूर्ण भरलीच नाही की ती बेरीज भरकटत जाते. पावसाच्या एका आठवड्यात स्क्रीनवर चांगले ३० टक्के दिसत होते आणि रात्री बीएमएसने (बॅटरीला सांभाळणारं तिच्यातलं सर्किट) सप्लाय तोडला, घर अंधारात, धाकटा घाबरून रडायला लागला. तेव्हापासून ढगाळ हवेत आठवड्यातून एकदा तरी १०० टक्क्यांपर्यंत भरू देतो, गरज पडली तर जनरेटर लावून. भरली की आकडा परत जागेवर येतो. (आणि जिथे बर्फ पडतो तिथल्यांनी शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबवणारा बीएमएसच घ्यावा, तशा थंडीत चार्ज केली तर सेल कायमचे खराब होतात.)

आता पाणी. घरातली सगळ्यात स्वस्त बॅटरी म्हणजे वरची टाकी. १००० लिटर पाणी १० मीटर वर चढवायला गणिताने फक्त २७ वॉट-तास लागतात, मोटर आणि पाइपातलं नुकसान धरलं तर त्याच्या तीन-चार पट धरा, तरीही काहीच नाही. याउलट १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट जातात, म्हणजे आमच्या साठवणीचा तिसरा हिस्सा फक्त आंघोळीत! त्यामुळे गीझर घेतलाच नाही, गरम पाण्याला छतावर वेगळा सोलर हीटर आणि ऊन नसेल तेव्हा लाकडाचा बंब. बोअरची मोटर भर दुपारी लागते, तेव्हा वीज थेट पॅनलमधून जाते, बॅटरीला हातही लागत नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आमचा इन्व्हर्टर सुरुवातीला तिथेच ट्रिप व्हायचा, मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवल्यापासून एकदाही झाला नाही.

घरातलं सगळं वेळापत्रकच उन्हाकडे सरकलंय. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर जे काय ते अकरा ते तीन. सासूबाई सकाळी मला विचारतात, "अगं, ऊन टिकेल ना आज, मशीन लावू का?" आणि थोरली लॅपटॉप चार्जिंगला लावायच्या आधी स्क्रीन बघून येते. मला हे मनापासून आवडतं, घरातल्या प्रत्येकाला माहिती असतं की आज आपल्याकडे काय आहे आणि काय नाही.

पॅनलचं एक सांगायचं राहिलं. त्यांचे वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात आणि कडक उन्हात पॅनल स्वतः ६० अंशांच्या वर जातो, दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी होत जातं, म्हणून ४०० वॉटचे ४०० दिसत नाहीत, ते खराब नाहीयेत. गार आणि स्वच्छ दिवशी जास्त मिळतं. सावलीचं मात्र बघा, चारनंतर एका फांदीची सावली एकाच पॅनलवर यायची आणि आकडा लगेच खाली, फांदी तोडली आणि संध्याकाळचं चार्जिंग सुधारलं.

पुढे पैसे जमले की तिसरी बॅटरी घ्या असं सगळे सांगतायत, आम्ही ती घेणार नाही. चार दिवस ढग असले तर मोठी बॅटरी पण रिकामीच होणार, एखादा दिवस उशिरा एवढंच. त्याऐवजी आणखी सहा पॅनल, ते पण थोडे पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे ढगातून जे थोडंफार मिळतं ते जवळपास पावणेदोनपट होईल आणि संध्याकाळी बॅटरीवर भार उशिरा येईल. फक्त त्याला आत्ताचा चार्जर पुरणार नाही, दिशा वेगळी म्हणून दुसरा एमपीपीटी लागेल, तो धरूनच बजेट करतोय.