तीन परंपरांची तीन बायबलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोटेस्टंट 66 पुस्तकं, कॅथलिक 73, मॉर्मन 66 आणि वर आणखी तीन ग्रंथ, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते उगाळत नाही. रोजच्या वापरात खरा छळ होतो तो वचनांच्या क्रमांकांचा. तिन्ही प्रती शेजारी उघडल्या की संदर्भ जुळत नाहीत.

दानीएल 3 काढा. तीन तरुणांना धगधगत्या भट्टीत टाकतात, त्या 23व्या वचनापर्यंत सगळं सुरळीत. प्रोटेस्टंट प्रतीत 24व्या वचनात राजा चकित होऊन उठतो. कॅथलिक न्यू अमेरिकन बायबलमध्ये त्या जागी अजऱ्याची प्रार्थना आणि तिघांचं स्तुतिगीत सुरू होतं, ते 90 पर्यंत चालतं, आणि राजा उठतो 91 मध्ये. पुढे प्रोटेस्टंट 4:1-3 इथे 3:98-100 म्हणून छापलंय, त्यामुळे सबंध चौथा अध्याय तीन वचनांनी मागे सरकतो. शेवटी सुसान्नाची कथा (13) आणि बेलची कथा (14) वाढलेली.

हा गोंधळ फक्त वाढीव मजकुरामुळे होतो असंही नाही. स्तोत्र 51 मधली दयेची याचना प्रोटेस्टंट प्रतीत पहिल्या वचनात आहे, न्यू अमेरिकनमध्ये तिसऱ्या, कारण तिथे स्तोत्राच्या शीर्षकालाच दोन क्रमांक दिलेत. जुन्या डुए या कॅथलिक भाषांतरात तर हेच स्तोत्र 50वं. मलाखीचं सगळ्यात जास्त खटकतं. एलीया संदेष्टा येईल हे वचन प्रोटेस्टंट आणि मॉर्मन प्रतीत 4:5-6, न्यू अमेरिकनमध्ये 3:23-24. तिथे चौथा अध्यायच नाही, हिब्रू मांडणीप्रमाणे तीनच. मॉर्मन परंपरेत या वचनाचं वजन फार मोठं. त्यांच्या बुक ऑफ मॉर्मन या ग्रंथातल्या 3 नेफी 25 मध्ये मलाखी 4 जवळजवळ जसाच्या तसा येतो आणि डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या त्यांच्याच आणखी एका ग्रंथाचा दुसरा विभाग त्याच वचनावर उभा आहे. त्यांचा संदर्भ घेऊन न्यू अमेरिकनमध्ये गेलात तर पान सापडतच नाही. उपाय साधा: क्रमांक सोडा, वचनातले दोन-तीन ठळक शब्द लक्षात ठेवून शोधा.

सुरुवातीला सगळ्यात जास्त वैताग मॉर्मन प्रतीचा यायचा. किंग जेम्स या 1611 च्या भाषांतराची जुनी इंग्रजी, बारीक टाइप, प्रत्येक वचनात नव्याने सुरू होणारी अ-ब-क धाटणीची तळटीप-अक्षरं. आता मत बदललंय, आणि ते या तळटीपांमुळेच. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने केलेल्या दुरुस्त्या प्रकाशकांनी मुख्य मजकुरात घुसवलेल्या नाहीत. उदाहरणार्थ निर्गम 7:3: वर छापलंय की देव फारोचं मन कठीण करील, आणि खालच्या टिपेत फारो स्वतःच आपलं मन कठीण करील. दोन्ही वाचन एकाच पानावर दिसतात. लांबलचक दुरुस्त्या मागे परिशिष्टात आहेत. इतका प्रामाणिकपणा प्रत्येक प्रकाशकाने दाखवावा.

फरक पुस्तकांच्या संख्येपेक्षा ती प्रत तुम्हाला कुठे पाठवते यात जास्त जाणवतो. मृतांसाठी जिवंतांनी काही करावं का, हा प्रश्न घ्या. कॅथलिक प्रत 2 मक्काबी 12:43-46 उघडायला लावते: पडलेल्या सैनिकांसाठी प्रार्थना आणि अर्पण. प्रोटेस्टंट प्रतीत ते पुस्तकच नाही, त्यामुळे तो आधार मुळातच उपलब्ध नाही. मॉर्मन प्रतीतही मक्काबी नाही, पण ती 1 करिंथ 15:29 (मृतांसाठी बाप्तिस्म्याचा उल्लेख) वरून सरळ डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स 128 आणि 138 कडे नेते. मक्काबी का नाही याचं उत्तरही त्याच ग्रंथात, 1833 च्या 91व्या विभागात मिळतं: अपोक्रिफात (मक्काबीसारखी, प्रोटेस्टंट यादीबाहेरची पुस्तकं) बरंच खरं आहे, माणसांनी घातलेली भरही आहे, आणि त्याचं भाषांतर करायची गरज नाही. कॅथलिक बाजूने 1546 साली ट्रेंटच्या परिषदेने यादी पक्की केली. ल्यूथरने 1534 च्या बायबलात ही पुस्तकं दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवली होती, आणि 1611 च्या किंग जेम्समध्येही ती होती. 1826 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ती असलेल्या प्रती छापायला पैसा देणं थांबवलं, तेव्हापासून 66 चीच प्रत सर्रास झाली.

पैसे एकाच प्रतीवर घालायचे असतील तर कॅथलिक प्रत घ्या. 66 त्यात येतातच, शिवाय कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 825 नुसार टिपा देणं बंधनकारक असल्याने कोऱ्या मजकुराशी झगडावं लागत नाही. अपोक्रिफासह छापलेली प्रोटेस्टंट प्रत मिळाली तर क्रमांकांचा त्रास बराच वाचतो, कारण दानीएल आणि एस्तेरची भर तिथे बहुधा वेगळी छापतात. मॉर्मन संच जुन्या बाजारातून घेताना मात्र साल बघा. 1981 च्या आधीच्या डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्समध्ये फार तर 136 विभाग असतात. मृतांच्या उद्धाराचा 138वा त्यात नाही. 1981 ची प्रत आणि 1979 चं त्यांचं बायबल मिळालं तर 2013 च्या आवृत्तीसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही, बदल मुख्यतः शीर्षटिपा आणि अभ्यास-साहित्यात आहेत.