फायबरचा हल: आठ महिने पाण्यात

मॉडेल बोटीचं किट येऊन वर्ष झालं, बोट पाण्यात उतरून आठ महिने. टगबोट आहे, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, 1:50 प्रमाणातली, 60 सेंटिमीटर लांब. हल, म्हणजे बोटीचं खालचं कवच, अख्खा फायबरचा. डेक आणि केबिन प्लायवूडचं. एकेक पट्टी चिकटवत लाकडी हल बांधायचा धीर माझ्यात नाही, म्हणून हे घेतलं. वाटलं, हल तयारच येतोय, रंग मारला की झालं. त्या ‘झालं’मध्ये अडीच महिने गेले.

हल मात्र चांगला निघाला. दोन्ही बाजू मापात, जाडी सारखी. साच्याच्या दोन भागांची शिवण नाकापासून तळापर्यंत होती, ती कानशीने बसवली. वरच्या जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरात, टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ छिद्रं होती. त्यांत गाडीची पुट्टी भरली, पण आधी सुईने छिद्र मोठं करून. नाहीतर आतली हवा पुट्टीला बाहेर ढकलते. किटसोबतच्या कागदात हलविषयी ओळ एकच: घासून रंगवा.

माझं गाडं त्या ओळीच्या आधीच अडलं होतं. हल साच्यातून सुटावा म्हणून साच्याला मेण लावतात आणि त्यातलं थोडं हलच्या अंगाला येतं. डोळ्याला दिसत नाही. मी न धुताच 240 नंबरचा पॉलिश पेपर मारला. पेपरने मेण जात नाही, उलट ओरखड्यांत जाऊन बसतं. वर अस्तर, रंग, सगळं झकास दिसलं. ऑगस्टमध्ये बोट उतरवली आणि ऑक्टोबरात बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या बाजूला हलच्या रंगाला फुगा आला. नखाने उचकला तर तळहाताएवढा पापुद्रा अस्तरासकट हातात. खाली जेलकोटला अस्तराचा कणही चिकटलेला नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डेंटिंग-पेंटिंगवाले चाचा आहेत. त्यांना दाखवलं. त्यांनी उघड्या जागेवर बोटाने पाणी शिंपडलं, तर थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे गोल उभे राहिले. “पहले साबुन, फिर पेपर मारो,” म्हणाले आणि परत बोनेटखाली गेले.

मग सगळा रंग उतरवला. भांड्याचा साबण, कोमट पाणी, घासणी. तीनदा धुतल्यावर पाणी थेंब न होता सलग पसरलं. त्यानंतर अ‍ॅसिटोन, तोही दर हाताला फडकं बदलत, नाहीतर पुसलेलं मेण पुन्हा तिथेच लागतं. मग 240, मग 400चा वॉटर पेपर, ओलाच. पहिल्या वेळी कोरडा घासला होता तेव्हा फायबरची धूळ मनगटाला दोन दिवस चावत होती आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमुळे घरात जे ऐकावं लागलं ते वेगळंच. मास्क तर हवाच.

आपल्याकडच्या उन्हाचंही सांगतो. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची, म्हणजे दांड्याची, नळी बसवायला मे महिन्यात, दुपारी तीनला, इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, कालवला. बाहेर 41 अंश. अर्ध्या तासाचा म्हणून घेतलेला इपॉक्सी, साठ ग्रॅम, प्लास्टिकच्या पेल्यात. दहा मिनिटांत पेला हातात धरवेना, मग धूर निघाला. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ अर्धा होतो, आणि पेल्यात गोळा राहिलेला इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतो. नळी तिरकी बसली ती कापून काढावी लागली. आता पहाटे पाचला, थोडा थोडा, पसरट ताटलीत कालवतो. जिथे चिकटवायचं तिथे हल आतून 80च्या पेपरने खरवडून घेतो. आतली चकचकीत बाजू काही धरत नाही.

पाण्याची रेघ, म्हणजे बोट पाण्यात जिथवर बुडते ती, आखताना हल ओट्यावर ठेवला आणि ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून भोवती फिरवली. रेघ पुढेमागे 4 मिलिमीटर चुकली. ओट्याला सिंककडे उतार असतो, हे स्वयंपाक करणाऱ्याला विचारलं असतं तर कळलं असतं. गवंड्याची लेव्हल लावून टेबलावर दुसऱ्यांदा आखली.

वजन साधारण पाच किलो भरतं. त्यात यूपीएसची 12 व्होल्टची बॅटरीच दोन किलोंची, बाकी टायरवाल्याकडची शिशाची वजनं. ही बोट नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, न्यायची नाही, तिथला वारा तिच्या आवाक्यातला नाही. चालवतो ती पैठण तालुक्यात दाजींच्या मोसंबीच्या शेततळ्यात. तळ्याच्या कडेचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, बोट अडकली तर आत उतरायचं नाही, दोरीने ओढायची. पाणी क्षाराचं, त्यामुळे बाहेर काढल्या काढल्या पुसली नाही तर पांढरे डाग उमटतात.

नोव्हेंबरपासून दुसरा रंग आहे. फेब्रुवारीत शेततळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपाच्या क्लॅम्पला घासून तळाला बोटभर ओरखडा आला. लाल रंग गेला, अस्तर जागेवर. टाचणीने कडा उचकून पाहिली, हलली नाही. पुन्हा घ्यायचं झालं तर हलसाठी हेच किट घेईन, कागद मात्र न वाचता फेकून देईन. सध्या दाजी तिच्या मागे जाळीचा तुकडा बांधून शेवाळ ओढून घेतात.