मराठी–केचुआ भाषांतराचं ॲप: ‘आम्ही’वर अडणारी गाडी

तासगाव-मिरजेकडच्या बागायतदारांना पेरूतल्या इकाच्या द्राक्षबागा बघायला जायचं असेल, तर फोनवरच्या भाषांतराच्या ॲपवर किती भिस्त ठेवायची हे आधीच ठरवलेलं बरं. इकाच्या बागांत आयाकुचोच्या डोंगरातून आलेले मजूर आहेत. त्यांना स्पॅनिश येते, पण घरची बोली केचुआ. तिचं स्वतःचं नाव ‘रुनासिमि’, म्हणजे माणसांची भाषा.

तिची ठेवण मराठी माणसाला परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटून: ‘चाक्रा’ म्हणजे शेत, ‘चाक्रापि’ शेतात, ‘चाक्रामांता’ शेतातून. एवढं ॲप बिनचूक देतं.

अडतं ते ‘आम्ही’वर. ऐकणाऱ्याला धरून ‘न्योखांचिक’, त्याला वगळून ‘न्योखायकु’. अगदी आपल्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखं. (यातला ‘ख’ घशातून घासत काढायचा.) ‘आम्ही शेतात राबतो’ आणि ‘आपण शेतात राबतो’ अशी दोन्ही वाक्यं टाकली तरी उत्तर एकच, ‘चिक’वालं. वाक्य मधे इंग्रजीतून जातं, तिथं दोन्हींना एकच शब्द, आणि फरक वाटेत गळतो. म्हणजे आपल्या मळ्याबद्दल सांगताना समोरचा मजूर त्यात हिस्सेदार ठरतो. म्हणून शेवट तपासायचा: ‘ल्यामकांचिक’ (आपण राबतो) आलं आणि समोरचा त्यात नसेल, तर ‘ल्यामकानिकु’ करा. तसंच ‘चाक्रांचिकपि’ (आपल्या शेतात) याचं ‘चाक्रायकुपि’ (आमच्या शेतात).

दुसरी खोड म्हणजे बोलींची सरमिसळ. काम करणं आयाकुचोत ‘ल्यामकाय’, पेरूतल्याच कुस्को भागात ‘ल्यांकाय’, आणि तिथला ‘क’ घशात श्वास अडवून, झटक्यानं सोडायचा. रोमन लिपीत अक्षरानंतर वरचा स्वल्पविराम दिसला की शब्द कुस्कोकडचा समजा. आयाकुचोत तो उच्चारच नाही. स्पेलिंगही दोन तऱ्हांचं येतं. पेरूत 1985 पासून तीनच स्वर अधिकृत आहेत, तरी जुनी पाच स्वरांची पद्धत अजून चालते. त्यामुळे एकच शब्द दोनदा वेगळा दिसला तर चूक धरू नका.

‘पाऊस पडला म्हणं’ यातलं ‘म्हणं’ मात्र ॲप सरळ खाऊन टाकतं, आणि हे फार खटकतं. केचुआत ऐकीव गोष्टीला ‘-सि’ आणि स्वतः खात्रीनं सांगितलेल्या गोष्टीला ‘-मि’ लागतो; स्वरानंतर नुसता ‘स’ किंवा ‘म’ उरतो.

सुट्या शब्दांना पाचपैकी चार, वाक्यांना दोन. निदान खुशाली तरी पाठ करून जा: ‘अल्यिनल्याचु?’ म्हणजे बरं आहे ना? उत्तर येईल ‘अल्यिनल्याम’. शेवटचा ‘म’ तोच, खात्रीचा.