‘तीन महिन्यांत इन्सुलिन बंद’: पॅकेज विकणारे नेमकं काय करतात

चूर्णाचे तीन डबे, काढ्याच्या दोन बाटल्या, पथ्याचा तक्ता आणि फोनवर एक ‘हेल्थ कोच’. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवणं थांबवतं) असलेल्या मुलांच्या आईवडिलांना असं पॅकेज विकणारा पहिल्याच फोनवर विचारतो, ‘निदान कधी झालं?’ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

कारण निदानानंतरचा ‘हनिमून’ म्हणतात तो काळ. इन्सुलिन सुरू झालं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या उरल्यासुरल्या बीटा पेशींवरचा ताण हलका होतो आणि त्या काही काळ पुन्हा थोडंफार इन्सुलिन सोडतात. ४० किलोच्या मुलाला दिवसाला तीसेक युनिट लागत असतील, तर ती पंधरा-सोळावर येतात. हे काही आठवडे ते काही महिने टिकतं, क्वचित वर्षाच्या पुढे जातं. नेमकं याच सुमारास चूर्ण सुरू झालं की श्रेय चूर्णाला. पुढे डोस चढणारच असतो, आणि वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिनचा असर कमी होतो म्हणून तो किलोमागे एक ते दीड युनिटपर्यंतही जातो. तेव्हा कोचचं उत्तर तयार असतं: ‘पथ्य मोडलं असणार.’ पंधरा वर्षांचं पोर कधी ना कधी वडापाव खातंच, त्यामुळे हे खोडताही येत नाही.

रिपोर्टचाही खेळ असतो. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, म्हणजे पॅकेज घेतल्यावर महिन्याभराने उतरलेला आकडा बराचसा त्याआधी नीट घेतलेल्या इन्सुलिनचा. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी तपासणी) दाखवून ‘बघा, स्वादुपिंड जिवंत आहे’ म्हणतात. हनिमूनमध्ये ते थोडं असतंच. टाइप १ ओळखायला मदत करणाऱ्या जीएडी अँटिबॉडीचा रिपोर्ट मात्र कोणी मागत नाही. आणि व्हिडिओत ‘माझं इन्सुलिन सुटलं’ सांगणारे काका बहुतेक टाइप २चे असतात. वजन उतरवून टाइप २मध्ये ते होऊ शकतं. टाइप १मध्ये नाही.

सगळ्यात घातक भाग पथ्याचा. भात, पोळी, फळं बंद आणि बेसल (दिवसभर संथपणे काम करणारं इन्सुलिन) ‘हळूहळू’ कमी. पोटात कर्बोदकंच जात नाहीत म्हणून ग्लुकोमीटरवर १८० दिसतं आणि घरात सगळे खूश. आत मात्र इन्सुलिन नाही, म्हणून शरीर चरबी जाळत सुटतं आणि कीटोन साठतात. साखर २५०च्या खाली असतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं) होतो तो असा. पोटदुखी, उलट्या, खोल भरभर श्वास, तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास. या टप्प्यावर कोचचा मेसेज येतो: ‘घाबरू नका, विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. दोन दिवस काढा दुप्पट करा.’ त्या दोन दिवसांत मूल दगावू शकतं.

उलटी झाली की साखर कितीही असो, कीटोन बघायचे. कीटोन मोजायच्या मशीनवर रक्तातले ०.६च्या आत ठीक, १.५च्या वर डॉक्टरांना लगेच फोन, ३ असतील तर थेट हॉस्पिटल. मशीन नसेल तर केमिस्टकडे लघवीच्या पट्ट्या मिळतात. डबीवर दिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवा, आणि कधीची उघडून पडलेली डबी वापरू नका. मूल जेवत नसलं तरी बेसल थांबवायचं नाही. हॉस्पिटलमध्ये लाज न बाळगता सांगा: काढा चालू होता, बेसल अमुक दिवसांपासून बंद आहे.

याच्या उलटही घडतं. मधुमेहाच्या ‘हर्बल’ चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळी मिसळलेली सापडलेली आहे. हनिमूनमधल्या मुलाला ती पोटात गेली तर साखर धाडकन खाली येते. डबा फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

पालक सावध असले तरी जाहिरात येते ती मुलाच्या मोबाइलवर. रोजच्या टोचण्याला कंटाळलेल्या मुलाला ‘आईबाबांना सरप्राइज दे’ एवढं पुरतं. मूल गुपचूप इन्सुलिन टाळतंय याचा पत्ता पेनमधल्या इन्सुलिनच्या काट्रिजवरून लागतो. ३ मिलीच्या काट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. बेसल रोज १८ आणि सुई तपासायला दर वेळी २, म्हणजे ते पंधरा दिवसांत संपलं पाहिजे. पंचविसाव्या दिवशीही तेच चालू असेल तर विचारा, पण आरडाओरडा न करता. ओरडलात तर पुढच्या वेळी पेन मोरीत रिकामं होईल.

डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर बघून हुरळू नका. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, औषधाचा नव्हे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, मग परवाना कुठलाही असो.

पैसे बहुधा कंपनीच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागतात. भरून झाले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा, जितकं लवकर तितकं बरं. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि डबा, वेष्टण, कुरिअरची पावती घेऊन एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार. हे सगळं करण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, व्हॉइस मेसेजसकट. पैसे परत मागितले की नंबर ब्लॉक होतो आणि समोरून मेसेज डिलीट व्हायला लागतात.