रात्री लावायची ‘उन्हाची क्रीम’

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मे लागला की तेंदूपत्ता. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५-४६ वर गेला तरी पोटासाठी बाहेर पडावंच लागतं. माझ्या दोन्ही गालांवर दुसऱ्या बाळंतपणापासून वांग आहे आणि दर उन्हाळ्यात तो गडद होतो. म्हणून क्रीम विकायला आलेल्या त्या बाईचं बोलणं मी कान देऊन ऐकलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बचत गटाच्या बैठकीला ती आली. गटातल्याच एकीची दूरची नातेवाईक, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. तिनं समाजमंदिराची दारं-खिडक्या लावून घेतली आणि निळसर उजेडाची एक छोटी बॅटरी एकेकीच्या तोंडावर धरली. हातातल्या आरशात पाहिलं तर गालभर पांढरे ठिपके चमकत होते. “पहा ताई, उन्हानं कातडी आतून किती जळली. वरून दिसत नाही म्हणून तुमाले समजत नाही.” माझ्या जावेच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग बॅगेतून डब्या निघाल्या. वर सूर्याचं चित्र आणि ‘एसपीएफ १००, संपूर्ण आयुर्वेदिक’ असं छापलेलं. एसपीएफ म्हणजे क्रीम उन्हापासून किती वाचवते त्याचा आकडा. २० ग्रॅमची डबी ४५० रुपये. रात्री झोपताना हरभऱ्याएवढी घेऊन चोळायची, दोन महिने पुरते, असं तिनं सांगितलं. मी गटाची सचिव. पैसे मी गोळा केले, माझ्या शब्दावर १४ जणींनी घेतली. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

कारण पहिले पंधरा दिवस चमत्कारच झाला. वांग फिका पडला, तोंड उजळलं. बाया रस्त्यात थांबवून विचारायच्या. जावेनं तर दुसरी डबी मागवली.

एप्रिल संपता संपता उन्हात पाय ठेवला की गालांवर मिरची चोळल्यासारखी आग व्हायला लागली. चुलीपुढे बसवेना. तोंड लालबुंद, बारीक पुटकुळ्या, आणि जावेच्या गालांवर कोवळी लव उगवली. क्रीम बंद केली तर दोन दिवसांत तोंड सुजलं, पुन्हा लावली तर थंड पडलं. त्या बाईला फोन केला तर म्हणाली, “आतली घाण बाहेर पडून रायली, लावत राहा.” त्यानंतर तिचा फोन बंद.

नवतपा सुरू असताना आम्ही दोघी चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधी तोंड पाहिलं, मग डबी उलटीपालटी केली आणि एकच विचारलं, “ही उन्हाची क्रीम तुम्ही रात्री का लावत होत्या?”

मी गप्प झाले. रात्री ऊन कुठे असतं? चौदा बायांपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तोंडाची लक्षणं सरळ स्टेरॉइडची, म्हणजे सूज-खाज दाबणाऱ्या जोरदार औषधाची आहेत. असं मलम चोरून मिसळलं की आधी रंग उजळतो, मग कातडी पातळ पडते आणि त्याची सवय लागते. मग तेच ऊन जास्त चावतं. म्हणजे उन्हापासून वाचायला जे घेतलं, त्यानंच आम्हाला उन्हापुढे उघडं पाडलं. असं मलम बरेच दिवस लावलं असेल तर मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडा. आमचं तोंड शांत व्हायला पाच महिने गेले. जावेच्या गालावरच्या बारीक लाल शिरा अजून दिसतात.

त्या ठिपक्यांचंही मॅडमनी सांगितलं. तशा उजेडात कोरडी साल, साबण, पावडर, धूळ कोणाच्याही तोंडावर चमकते. आम्ही तर दिवसभर धुळीत राबून आलेल्या बाया.

खऱ्या सनस्क्रीनचा हिशेब मी त्यांच्याकडूनच समजून घेतला. ती उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायची. तोंड आणि मानेला दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढी, म्हणजे साधारण एक ग्रॅम, आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसातून चार वेळा म्हटलं तर २० ग्रॅमची डबी पाच दिवसांत संपते. दोन महिने पुरणारी डबी उन्हाची असूच शकत नाही. एसपीएफ ३० ची क्रीम नीट लावली तर भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, ५० ची ९८ टक्के. म्हणून शंभराच्या आकड्याला भुलायचं कारण नाही.

एवढी क्रीम रोज परवडत नाही, हे मी मॅडमना स्पष्टच सांगितलं. त्यांनी दुपट्टाच सांगितला, पण जाड विणीचा, गडद रंगाचा. आपण गारव्यासाठी ओला करतो ते चांगलंच, मात्र ओल्या पातळ सुती कापडातून किरणं जास्त आत येतात, म्हणून दुहेरी घ्यायचा. आणि दुपारी बारा ते तीन सावलीत. वांग असेल तर चुलीची धगही टाळायची, तिनंही तो वाढतो.

आमच्या डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, बॅच नंबर नव्हता, मुदतीची तारीखही नव्हती. कायद्यानं हे सगळं छापावंच लागतं. औषध दुकानातली ट्यूब असली तरी बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं दिसली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तोंडाला लावू नका, ती स्टेरॉइडच आहेत. पावती मात्र मागाच. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलताना फार अडखळले. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला आहे आणि उरलेल्या तीन डब्या तपासणीसाठी जपून ठेवल्या आहेत.

ती बाई आता दुसऱ्या तालुक्यात फिरते असं कानावर आलं. चाळिशीची, बोलायला गोड, आणि कोणाची ना कोणाची नातेवाईक म्हणूनच येते. बैठकीत तिनं खिडक्या लावायला सांगितलं, तर तेव्हाच दार उघडा.