अरुंद पट्टा निवडताना: कोलेस्टेरिक थर की लिओ रचना?

प्रकाशातून तरंगलांबींचा अरुंद पट्टा वेगळा करणाऱ्या गाळणीचे हे दोन पर्याय. कोलेस्टेरिक द्रव स्फटिकाच्या थरात रेणू मळसूत्राप्रमाणे फिरत जातात आणि पिच (मळसूत्राच्या एका पूर्ण फेऱ्याची लांबी) गुणिले सरासरी अपवर्तनांक एवढ्या तरंगलांबीचा प्रकाश तो थर परावर्तित करतो. पिच ३४० नॅनोमीटर व अपवर्तनांक १.६ असल्यास सुमारे ५४४, म्हणजे हिरवा. पट्ट्याची रुंदी मात्र द्विअपवर्तनावर, म्हणजे ध्रुवणाच्या दोन दिशांच्या अपवर्तनांकांतील फरकावर, ठरते (०.१५ धरल्यास ५१ नॅनोमीटर), त्यामुळे त्याला फारसा अरुंद म्हणता येत नाही. शिवाय एक थर एकाच दिशेने (डावीकडे किंवा उजवीकडे) फिरणारा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, म्हणजे निम्माच, परतवतो.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओ यांच्या रचनेत ध्रुवकांच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या चकत्यांच्या) मध्ये द्विअपवर्तनी थर असतात, प्रत्येक पुढचा दुप्पट जाडीचा. त्यांना द्रव स्फटिकाची जोड दिली की व्होल्टेज बदलून पट्टा सरकवता येतो आणि रुंदी १० नॅनोमीटरच्या आसपास आणता येते. पहिलाच ध्रुवक निम्मा प्रकाश गिळतो, तापमानाचीही काळजी घ्यावी लागते. तरीही एकाच नमुन्याच्या अनेक तरंगलांबींतील प्रतिमा टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी मी हीच रचना घेईन. ठरावीक लेसर अडवायचा असेल, तर विजेविना चालणारी डाव्या-उजव्या कोलेस्टेरिक थरांची जोडी पुरते. फक्त प्रकाश तिरपा पडल्यास तिचा पट्टा निळ्याकडे सरकतो, हे धरूनच तिची जागा ठरवावी.