वेबसाइट बनवून घेताय? पैसे द्यायच्या आधी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या नावावर होणार ते विचारा

सोलापुरातले घरगुती धंदेवाले, चटणीवाले, चादरी-टॉवेलवाले, क्लासवाले, जे कुणी पहिल्यांदा वेबसाइट काढायच्या विचारात आहेत त्यांनी हे वाचाच. आमच्या वहिनीला जो त्रास झाला तो अजून कुणाला होऊ नये एवढ्यासाठीच लिहितोय.

वहिनी शेंगा चटणी आणि कडक भाकरी बनवून विकते. जुळे सोलापुरात घरातूनच सगळं चालतं, सोबत दोन बायका आहेत. पुण्या-मुंबईतली सोलापूरची माणसं फोन करून मागवायची, पार्सल जायचं, मग सगळे म्हणायला लागले की वेबसाइट काढा, ऑर्डर वाढतील. ओळखीतल्या एकाने सात रस्त्याकडच्या एका वेबसाइटवाल्याचा नंबर दिला. तो घरी आला, लॅपटॉपवर चार डिझाइनं दाखवली आणि म्हणाला, "ताई, पंधरा हजारात सगळं आलं, डोमेन, होस्टिंग, एसएसएल, ईमेल, आणि होस्टिंग लाइफटाइम आहे, परत एक रुपया द्यायचा नाही." (होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, एसएसएल म्हणजे साइट सुरक्षित करणारं कुलूप.) पैसे यूपीआयने त्याच्या पर्सनल अकाउंटला गेले. बिल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आलं, त्यावर ना जीएसटी नंबर ना डोमेन कुणाच्या नावावर घेतलं त्याचा उल्लेख.

साइट चांगली झाली होती, खोटं कशाला बोलू. वहिनीने पाकिटांवर साइटचं नाव छापून घेतलं, नवी पेठेतून स्टिकरचा मोठा लॉट काढला, आणि पुण्यातली दोन दुकानं साइटच्याच ईमेलवर महिन्याची ऑर्डर पाठवायला लागली.

वर्ष संपत आलं आणि त्याचा मेसेज आला, रिन्यूअलचे बावीस हजार भरा. वहिनीने विचारलं की लाइफटाइम म्हणाला होतात ना, तर म्हणाला, ते होस्टिंगचं होतं, डोमेन वेगळं, एसएसएल वेगळं, मेंटेनन्स वेगळा, आणि सर्व्हरचे रेट वाढलेत. पैसे भरायला दोन दिवस उशीर झाला तर साइटवर "अकाउंट सस्पेंडेड" असं पान दिसायला लागलं, ईमेल पण बंद. हे सगळं ऐन जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या टायमाला, जेव्हा बाहेरगावची माणसं सोलापूरची आठवण काढून चटणी मागवतात. पुण्यातल्या दुकानाचे मेल परत जात होते, त्यांना वाटलं वहिनीने धंदाच बंद केला.

तेव्हा वहिनी मला म्हणाली, "भावजी, पैशाचं जाऊ द्या, पण नाव माझं आहे ना, ते तरी मला द्यायला सांगा त्याला."

मी लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी वर (आयकॅन म्हणजे डोमेनचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) जाऊन वहिनीच्या साइटचं नाव टाकलं. डॉट कॉम असेल तर तिथे दिसतं की डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, आहे, कधी घेतलं, कधी संपणार. मालकाचं नाव बऱ्याचदा प्रायव्हसीखाली झाकलेलं असतं, इथेही तसंच होतं. मग रजिस्ट्रारच्या सपोर्टला फोन लावला तर त्यांनी स्वच्छ सांगितलं की ज्याच्या नावाने आणि ईमेलने डोमेन घेतलंय त्याच्याशीच आम्ही बोलणार. आणि ते सगळं त्या माणसाचं होतं. त्याने स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःच्या नावावर घेतलेलं. म्हणजे घर वहिनीने बांधलं आणि सातबारा त्याचा.

हीच खरी गोम आहे आणि बहुतेक लोकांना हे कुणी सांगतच नाही. सगळी चर्चा कुठली होस्टिंग कंपनी भारी, कुणाची स्वस्त, कुणाचा स्पीड जास्त यावर चालते. माझ्या मते नवीन माणसासाठी हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. होस्टिंग आवडलं नाही तर बॅकअप घ्या, दुसरीकडे टाका, नेमसर्व्हर (साइट कुठे ठेवलीय ते सांगणारी सेटिंग) बदला, एक-दोन दिवसात साइट नव्या जागी चालू होते, गिऱ्हाइकाला कळतही नाही. पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल तर काहीच हातात राहत नाही. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला ऑथ कोड, म्हणजे पासवर्डसारखा एक कोड, लागतो, आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने तो मागितल्यापासून ५ दिवसात द्यावा लागतो, पण कुणाला, तर नोंदलेल्या मालकाला. आपण नुसते पैसे भरणारे.

आता त्याने काय काय गळ्यात मारलं ते पण सांगतो. लाइफटाइम डोमेन असं काही नसतंच, डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. एसएसएलचे त्याने वर्षाला साडेतीन हजार लावले होते, आणि साइटला लावलेलं होतं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट, जे ९० दिवसांचं असतं आणि सर्व्हर आपोआप रिन्यू करतो. होस्टिंग म्हणजे एका रिसेलर (जागा घेऊन पुढे विकायच्या) अकाउंटमध्ये त्याने अनेक गिऱ्हाइकं कोंबलेली, सीपॅनलचा, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानाचा, पासवर्ड वहिनीला कधी दिलाच नाही. गुगलवरची धंद्याची नोंद सुद्धा त्याच्याच जीमेलवर काढलेली होती, ती नशिबाने मालकीची रिक्वेस्ट टाकून परत मिळाली.

नाव परत मिळवायचा आंतरराष्ट्रीय मार्ग आहे, यूडीआरपी म्हणतात, पण त्यात नावावर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो आणि वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे साध्या केसची फी १५०० डॉलर आहे. चटणी विकून एवढे कुठून आणायचे. शेवटी वहिनीने ते नाव सोडलं. राहिलेले सगळे स्टिकर फुकट गेले, आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला मेसेज करून नवीन पत्ता कळवावा लागला. साइटवरचा मजकूर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (साइटची जुनी पानं साठवून ठेवतात तिथे) बराचसा सापडला, फोटो वहिनीच्या मोबाइलमध्ये होते, म्हणून निदान लिहिलेलं सगळं परत उभं करता आलं.

नवीन डॉट इन नाव वहिनीने स्वतः घेतलं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने, बिल स्वतःच्या नावावर. टू-स्टेप लॉगिन चालू केलं. होस्टिंग मुद्दाम वेगळ्या कंपनीकडे घेतलं, म्हणजे एकीकडे भांडण झालं तरी दुसरीकडचं अडकत नाही. साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक साइट) आहे, पाच-सहा पानांच्या साइटला त्याहून जास्त काही लागत नाही, कुणी व्हीपीएस नाहीतर क्लाउड असलं मोठं होस्टिंग गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. जाहिरातीत महिन्याला इतके रुपये असं मोठ्या अक्षरात असतं ते बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरचं असतं, वर १८ टक्के जीएसटी, आणि मुदत संपल्यावर रिन्यूअलचा दर दुप्पट-तिप्पट सुद्धा होतो, तो दर खाली बारीक अक्षरात असतो, तोच आधी वाचा. अनलिमिटेड लिहिलेलं असलं तरी फाइलींच्या संख्येची मर्यादा असतेच, अटींमध्ये आयनोड नावाने सापडेल. आणि बॅकअप रोज घेतात का, परत टाकायचे पैसे लावतात का, हे चॅटवर विचारून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

साइट बनवणारा माणूस लावायला माझी काही हरकत नाही, चांगलं काम करणारी पोरं आपल्या गावात आहेत. त्यांना डिझाइनचे पैसे द्या, अ‍ॅक्सेस द्या, पण डोमेन आणि होस्टिंगचं अकाउंट तुम्ही उघडा. जो म्हणेल "तुम्हाला टेक्निकल कळणार नाही, मीच घेतो", त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

ज्यांची साइट आधीच कुणीतरी बनवून दिलीये त्यांनी आज रात्रीच वर सांगितलेल्या लुकअपवर नाव टाकून तपासा, आणि मालक तुम्ही नसाल तर संबंध गोड आहेत तोवर ट्रान्सफर मागून घ्या. नुकतंच घेतलं असेल तर डॉट कॉमला साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, पण त्याच रजिस्ट्रारमध्ये तुमच्या अकाउंटला ढकलता येतं, तेवढं तरी करून घ्या. मुदत संपायची वाट बघत बसू नका, संपल्यावर सुद्धा डोमेन लगेच मोकळं होत नाही, आधी सवलतीचा काळ, मग ३० दिवस रिडेम्पशन (जुन्या मालकाला सोडवून घ्यायचा काळ), मग ५ दिवस डिलीटची वाट, आणि तोवर दुसराच कुणीतरी टपून बसलेला असतो.

फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि "धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला ग्राहकच धरलंय, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात फी नाही. वहिनीने व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, यूपीआयच्या पावत्या आणि "लाइफटाइम" लिहिलेलं ते पीडीएफ लावून तिथे तक्रार टाकलीये, तारीख पडायची आहे.